पाठीवरची गाठ काढताना डॉक्टरांनी खोक्यातले साधे ग्लोव्हज वापरले. हे चालतं का?

तुम्ही लिहिलंय की पाठीवरची छोटी गाठ काढताना डॉक्टरांनी सीलबंद पाकिटातले निर्जंतुक ग्लोव्हज उघडलेच नाहीत, खोक्यातून साधे ओढून घातले. जाता जाता आणखी एक गोष्ट लिहिलीय: टाके घालायच्या आधी त्यांचा फोन वाजला, ग्लोव्हज घातलेल्या हातानेच त्यांनी तो कट केला आणि काम पुढे सुरू केलं. तुम्हाला पहिल्या गोष्टीची धास्ती बसलीय. मी मायनर ओटीत, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत, नर्स आहे, आणि मला विचाराल तर पहिल्या गोष्टीत घाबरण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी मात्र मला खटकली.

आधी खोक्याबद्दल सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचा भार जरा हलका होईल.

वरवरची गाठ काढणं, तीळ काढणं, साधी जखम शिवणं अशा कातडीपुरत्या कामांत निर्जंतुक ग्लोव्हज आणि खोक्यातले स्वच्छ ग्लोव्हज यांची तुलना व्यवस्थित झालेली आहे. कॅनडात तातडीच्या विभागांत टाके घालायला आलेल्या 816 रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. निर्जंतुक ग्लोव्हज वापरलेल्यांत 6.1 टक्के जखमा चिघळल्या, साध्यांत 4.4 टक्के. म्हणून साधे जास्त चांगले असं कुणी म्हणू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो. साधे ग्लोव्हज वाईट ठरले नाहीत, इतकंच त्यातून घ्यायचं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे छोट्या गाठी काढलेल्या 493 लोकांवर तसाच अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे साध्यांत 8.7 टक्के आणि निर्जंतुकांत 9.3 टक्के. त्यानंतर 2016 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली, एकूण 11,071 रुग्ण. साध्यांत 2.1 टक्के जखमा चिघळल्या, निर्जंतुकांत 2.0 टक्के. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी खोक्यातले घातले, यात हलगर्जीपणा झाला असं मी म्हणणार नाही.

पण या आकड्यांमागे एक अट आहे, आणि ती लोक विसरतात. त्या अभ्यासांत बाकी सगळं जागच्या जागी होतं. अवजारं निर्जंतुक, दोरा निर्जंतुक, कातडी औषधाने पुसून घेतलेली. फक्त ग्लोव्हज साधे. दुसरं म्हणजे खोकंही खोक्यासारखं असावं लागतं. सिंकच्या कडेला ठेवलेलं, त्यावर दिवसभर पाण्याचे शिंतोडे उडालेले, तोंड फाटून मोठं झालेलं खोकं मी खोकं मानत नाही. एक ओढताना दोन निघाले की दुसरा परत आत कोंबणारी माणसं मी रोज बघते, आणि रोज सांगते की तो टाकून द्या. ओल्या हाताने खोक्यात बोटं घालणं हा त्याचाच दुसरा प्रकार. पुढचा माणूस जो ग्लोव्ह ओढणार असतो, त्याला तुमची बोटं आधीच लागलेली असतात.

शिवाय सगळीच छोटी कामं या हिशेबात बसत नाहीत. सांध्यात काही करायचं असेल, हाड किंवा खोल पोकळी उघडणार असेल, शरीरात काही बसवून ठेवायचं असेल, कातडीचा तुकडा दुसरीकडे लावायचा असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे खाली असेल, तर निर्जंतुक पाकीट उघडायचंच. तिथे मी वाद घालू देत नाही.

आता फोनकडे येते.

टाका घालताना काय होतं ते जरा जवळून बघा. सुई नीडल होल्डरमध्ये, म्हणजे सुई धरायच्या चिमट्यात असते, तिला बोट लागत नाही, किंवा लागू नये. पण दोरा? दोरा दुसऱ्या हाताच्या बोटांतून जातो. सुई कातडीतून पलीकडे निघाली की मागचा दोरा बोटांनी ओढून घेतात, शेपटी धरून ठेवतात, गाठ मारताना तर कित्येक जण हातानेच मारतात. जो भाग बोटांतून सरकला, तोच पुढच्या टाक्याला कातडीच्या आत जातो, आणि टाके निघेपर्यंत तिथेच राहतो. फोनच्या काचेवर दिवसभराचं जे काही असतं, ते बोटावरून दोऱ्यावर आणि दोऱ्यावरून जखमेत जायला एवढीच वाट पुरते.

हे मी घाबरवायला सांगत नाही. दोऱ्याबद्दल 1957 मध्ये एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग आहे. माणसाच्या कातडीत नुसते स्टॅफिलोकोकस जंतू टोचले तर पू व्हायला दहा लाखांच्या वर जंतू लागले. तेच जंतू रेशमी टाक्याबरोबर गेले तेव्हा काहीशे पुरले. शरीराबाहेरची वस्तू आत असली की जंतूंना तिच्या आडोशाला बसायला जागा मिळते आणि पांढऱ्या पेशींना ते हाती लागत नाहीत. नायलॉनचा एकपदरी दोरा रेशमापेक्षा पुष्कळ बरा, तरी तत्त्व तेच. म्हणून कापताना जितकी काळजी घ्यावी, त्याहून टाके घालताना जास्त घ्यावी असं माझं मत आहे. प्रत्यक्षात होतं उलटं. गाठ निघाली की खोलीतली हवाच बदलते. गप्पा सुरू होतात, कुणी दिव्याचा दांडा हलवतं, कुणी रिपोर्टची फाइल उघडतं, कुणी फोन घेतं. काम संपत आलंय असं सगळ्यांना वाटायला लागतं, आणि नेमका तेव्हाच दोरा आत जात असतो.

यावर उपाय इतका सोपा आहे की तो केला नाही याचंच मला वाईट वाटतं. ग्लोव्हज काढायचे, हाताला अल्कोहोलचं द्रव्य वीस-तीस सेकंद चोळून सुकू द्यायचं, नवी जोडी घालायची. मिनिटभराचं काम. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांत जखम शिवायच्या आधी सगळ्या टीमने ग्लोव्हज आणि अवजारं बदलली तर काय होतं, याची मोठी चाचणी सात देशांत झाली आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तेरा हजारांवर रुग्ण होते. न बदलता 18.9 टक्के जखमांत संसर्ग झाला, बदलून 16.0 टक्के. पोट उघडणं आणि पाठीवरची गाठ काढणं यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पोटात आतड्यातले जंतू असतात. तरीही शिवायच्या आधी हात ताजा असावा, हा धडा छोट्या टेबलावरही घेण्यासारखा आहे.

फोनच कशाला, तुम्ही डोळे उघडे ठेवले तर अशा बऱ्याच जागा दिसतील. ओढायची खुर्ची. पडदा. चष्मा वर सरकवणं. मास्क नाकावर नीट करणं. भुलीच्या औषधाची बाटली, जी बाहेरून निर्जंतुक नसते. निर्जंतुक हाताने काम चाललं असेल तर ती मदतनीसाने उलटी धरायची असते आणि डॉक्टरांनी फक्त सुई आत घालून औषध ओढायचं असतं. होल टॉवेल (मधे भोक असलेलं निर्जंतुक कापड) टाकल्यावर त्याच्या कडेबाहेरच्या रुग्णाच्या अंगाला हात टेकवणं हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. निर्जंतुक पाकीट उघडून घातलेले ग्लोव्हज यातल्या एकाही ठिकाणी लागले की ते त्या क्षणापासून साधे ग्लोव्हज झाले, किंवा त्याहून वाईट. पाकिटावर काय छापलंय यावरून ग्लोव्हची लायकी ठरत नाही, घातल्यानंतर हात कुठे कुठे गेला यावरून ठरते.

आणि पाकीट उघडलं तरी ते नीट घालता आलं पाहिजे. आत कागदाची घडी असते, तिच्यावर डावा-उजवा लिहिलेलं असतं. दोन्ही ग्लोव्हज मनगटाकडे बाहेर दुमडलेले असतात. त्या दुमडीची जी बाजू वर दिसते, ती खरं तर ग्लोव्हची आतली बाजू, म्हणजे आपल्या कातडीला लागणारी. उघड्या हाताने फक्त तिला धरायचं आणि पहिला ग्लोव्ह चढवायचा, दुमड तशीच ठेवायची. मग ग्लोव्ह घातलेली चार बोटं दुसऱ्याच्या दुमडीच्या खाली, खिशात घातल्यासारखी सरकवायची आणि तो चढवायचा. आता पहिल्याची दुमड उलटताना अंगठा बाहेर ताठ ठेवायचा, कारण नव्याने शिकणाऱ्यांचा अंगठा हमखास उघड्या मनगटाला लागतो. मी नव्या मुलींना शिकवते तेव्हा फक्त अंगठ्याकडे बघत उभी राहते. बाकी सगळं दोन दिवसांत जमतं.

मापाचंही तसंच. साडेसहा लागणाऱ्या हाताला साडेसात दिले तर बोटांच्या टोकाला रबर लोंबतं, ते गाठीत अडकतं, चिमट्यात सापडतं आणि फाटतं. फार घट्ट असले तर बोटं बधिर होतात आणि ताणलेलं रबर लवकर फाटतं.

फाटण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ग्लोव्ह म्हणजे अभेद्य भिंत असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. कारखान्यात ग्लोव्हजचे नमुने घेऊन प्रत्येकात एक लिटर पाणी भरून गळती बघतात, आणि शस्त्रक्रियेच्या ग्लोव्हजसाठीसुद्धा खपवून घ्यायची मर्यादा शंभरात साधारण दीड अशी असते. म्हणजे कोऱ्या पाकिटातून निघालेला एखादा ग्लोव्हसुद्धा आधीच छिद्राचा असू शकतो. वापरताना पडणारी छिद्रं वेगळी. ती बहुतेक वेळा घालणाऱ्याला कळतही नाहीत, आणि सगळ्यात जास्त पडतात ती सुई न धरणाऱ्या हाताच्या तर्जनीवर. उजव्या हाताने काम करणाऱ्याची डावी तर्जनी. कारण तीच कातडीची कड आधार देऊन धरते आणि सुईचं टोक तिच्याच दिशेने बाहेर येतं. कड बोटाने न धरता चिमट्याने धरली तर यातली बरीच छिद्रं पडणारच नाहीत.

ग्लोव्हच्या आतला हात काही निर्जंतुक नसतो. कितीही घासला तरी केसांच्या मुळांत आणि कातडीच्या थरांत जंतू उरतात, आणि आत घाम सुटून ऊब मिळाली की ते वाढतात. छिद्र पडलं की तो घाम बाहेर येतो. म्हणून ग्लोव्हज घालायचे म्हणून हात धुवायचे नाहीत, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. घालण्याआधी हात स्वच्छ करायचा आणि काढल्यावरही करायचा. काढल्यावर का, तर एक म्हणजे ती छिद्रं, आणि दुसरं म्हणजे काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागते. पहिला ग्लोव्ह मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलून दुसऱ्या मुठीत घ्यायचा, मग मोकळी बोटं दुसऱ्याच्या आतून घालून तोही पहिल्यावरून उलटा काढायचा. सटकन ओढून काढला की रक्ताचे थेंब उडतात. घातलेल्या ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून पुढच्या रुग्णाला हात लावणं हा तर शुद्ध शॉर्टकट. अल्कोहोलने रबर खराब होतं, आणि आधीच्या रुग्णाचं रक्त त्यावरून नीट जातही नाही.

ग्लोव्ह दोन दिशांनी काम करतो, हेही लक्षात ठेवा. तुमचं आमच्यापासून रक्षण आणि आमचं तुमच्यापासून. रबरी ग्लोव्हज शस्त्रक्रियेत आले तेच मुळी दुसऱ्या कारणाने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या नर्स होत्या. हात निर्जंतुक करायला तेव्हा पाऱ्याचं द्रावण वापरत, त्याने त्यांच्या हातांची कातडी सोलवटली. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी 1890 च्या सुमारास गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ ग्लोव्हज करून घेतले. रुग्णाच्या जखमा कमी चिघळतात हे पुढच्या काही वर्षांत ध्यानात आलं, जेव्हा हॉलस्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियांत सगळ्यांनाच ग्लोव्हज घालायला लावले. एका नर्सच्या हातांसाठी ही गोष्ट सुरू झाली, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बीचा धोका सहापासून तीस टक्क्यांपर्यंत असतो, एचआयव्हीचा साधारण 0.3 टक्के. ग्लोव्हमधून जाताना सुईवरचं बरंचसं रक्त पुसलं जातं, टाक्याच्या भरीव सुईचं जास्त, इंजेक्शनच्या पोकळ सुईचं कमी. दोन ग्लोव्हज एकावर एक घातले तर आतल्याला छिद्र पडायचं प्रमाण खूपच खाली येतं. आत गडद रंगाचा आणि वर फिका घालायची पद्धत मला फार आवडते: वरच्याला छिद्र पडून ओल आत शिरली की तिथे गडद डाग दिसतो आणि लगेच बदलता येतो. नाहीतर टोचलं हे समजणार कसं? आणि टोचलंच तर दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं. एचआयव्हीवरचं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत.

लॅटेक्सची, म्हणजे ग्लोव्हजमधल्या नैसर्गिक रबराची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा, कुणी विचारलं नाही तरी सांगा. फुगा फुगवताना ओठ सुजणं, दाताच्या डॉक्टरकडे तोंडाला खाज येणं, केळं, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडात चुणचुण होणं, या खुणा त्या दिशेने बोट दाखवतात. लॅटेक्स नसलेले नायट्राइलचे ग्लोव्हज त्यासाठी असतात. पावडरचे ग्लोव्हज अमेरिकेत 2017 पासून बंदच आहेत, कारण ती पावडर लॅटेक्सची प्रथिनं हवेत उडवते आणि जखमेत गेली तर तिथे दाह करते.

आता तुमच्या जखमेचं. बहुधा काहीही होणार नाही. पाठीची कातडी जाड असते, तिथला रक्तपुरवठा बरा असतो, आणि एका स्पर्शाने प्रत्येक वेळी संसर्ग होत नाही. पहिले दोन दिवस थोडं दुखणं, कडेला फिकट गुलाबी पट्टा, ड्रेसिंगवर पाणीदार डाग, हे चालतं. दुखणं उतरायच्या ऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढायला लागलं, ठणका लागला, लाली पसरायला लागली, भोवतीची जागा गरम आणि कडक झाली, पू किंवा वास आला, ताप आला, तर थांबू नका, दाखवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे ती पुढे सरकली की नाही हे दुसऱ्या दिवशी कळेल. आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच जखमेच्या मानाने फारच भयंकर दुखत असेल, अंगात ताप-थंडी असेल, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. तो स्ट्रेप्टोकोकस जंतू असू शकतो आणि तो वाट बघत नाही. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग पुढे 30 दिवसांपर्यंत दिसू शकतो, तेव्हा टाके निघाले म्हणून लगेच नजर काढू नका. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक मात्र सुरू करू नका.

टाके काढायला जाल तेव्हा फोनची गोष्ट डॉक्टरांना सांगा. रागाने नको, साध्या शब्दांत: "डॉक्टर, टाके घालायच्या आधी तुम्ही ग्लोव्हज घातलेल्या हाताने फोन कट केला होता, मला काळजी वाटतेय, जखम जरा नीट बघाल का?" चांगला डॉक्टर याने दुखावत नाही. आणि पुढच्या वेळी असं काही दिसलं तर त्याच क्षणी बोला. "ग्लोव्हज बदलता का?" एवढं पुरतं. रुग्ण भुलीखाली पालथा पडलेला असताना तोंड उघडायला संकोच वाटतो, मला समजतं. पण आमच्या खोलीत कुणी असं बोललं की मी मनापासून आभार मानते आणि नवी जोडी उघडते, कारण अवजारांच्या ट्रेकडे बघणाऱ्या माझ्या नजरेतून जे सुटलं, ते त्या माणसाने पकडलेलं असतं.